अठ्ठावीस अंड्यांचा ताप

बाराव्या दिवशी सकाळी अंड्यांचा ताप उतरला आणि आमच्या घराच्या तोंडचं पाणी पळालं.

ताप म्हणजे खराच ताप. माणसाच्या काखेत धरतात ती काचेची नळी आम्ही पेटीत अंड्यांच्या शेजारी ठेवत होतो. माणसाला शंभर ताप आला की घरातले घाबरतात. आमच्याकडे शंभराच्या खाली आला की घाबरायचं. दर अर्ध्या तासाने झाकण उचलायचं, नळी काढायची, आकडा वाचायचा, झटकून पारा खाली उतरवायचा आणि नळी परत ठेवायची. हे काम माझ्याकडे होतं. घरातलं दुसरं कुठलंही काम माझ्यावर सोपवण्यासारखं नाही, असं माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं मत आहे, आणि मला ते अजून खोडून काढता आलेलं नाही.

“मामंजी, दिवा बघा,” सून म्हणाली. “कावीळ झाल्यासारखा दिसतोय.”

ती डोक्याला फडकं बांधून, डबा हातात घेऊन निघाली होती. पावणेसातला खडी क्रशरचा टेम्पो कोपऱ्यावर येऊन दोनदा हॉर्न वाजवायचा. मी झाकण उचललं. बल्बची तार लालसर झाली होती. नळीवर अठ्ठ्याण्णव.

पेटी म्हणजे मासळीवाल्याकडून आणलेला बर्फाचा थर्माकोलचा खोका. तळाशी भुसा, भुशावर अठ्ठावीस अंडी, कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि झाकणाला आतून टांगलेला ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा बल्ब. तो बारा व्होल्टचा. ट्रॅक्टरच्याच एका टाकाऊ बॅटरीवर तो चालायचा, आणि दर दिवसाआड मी ती बॅटरी हातगाडीवर घालून गॅरेजपर्यंत ढकलत न्यायचो. तेवढा वेळ आक्का अंड्यांना गरम पाण्याच्या बाटल्या लावायची.

घरातली वीज असताना हा उपद्व्याप का, असं कोणीही विचारेल. पहिल्या दिवशी सुनेने घरातल्याच विजेचा बल्ब लावला होता. आक्काने वाटीत पाणी घालायला हात आत घातला आणि ती उडाली ती थेट चुलीपाशी जाऊन बसली. “पुन्हा या खोक्यात भिंतीतली वीज घातलीत, तर मी घर सोडून जाईन,” असं तिने जाहीर केलं. तिने घर सोडण्याची धमकी आजवर पुष्कळदा दिली आहे, पण तेव्हा तिचे केस खरोखर उभे होते. त्यामुळे बारा व्होल्ट.

“काल तर भरून आणली होती ना बॅटरी?” सून म्हणाली.

“हो. गॅरेजवाला म्हणत होता, आतून खलास झालीय. मला वाटलं, तो नुसताच म्हणतोय.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

मी नळी झटकत राहिलो. मी सांगणार होतो. पण काल ती आली तेव्हा तिचं उजवं मनगट वांग्यासारखं सुजलं होतं, ती ते मिठाच्या पाण्यात बुडवून बसली होती, आणि माझ्याने बोलवेना.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

सुनेने अंड्यांवर हात फिरवला. सगळ्यांवर, एकेक. दोन महिन्यांपूर्वी आमच्या अंगणात मर आली आणि आठवड्यात बेचाळीस कोंबड्या माना टाकून गेल्या. लग्न होऊन आली तेव्हा टोपलीत घालून आणलेल्या, मानेवर पिवळ्या ठिपक्यांची पट्टी असलेल्या तीन कोंबड्यांचा तो वाण, सोळा वर्षं सांभाळलेला. मर येण्याआधी तिने त्यातल्या काही आपल्या मावशीला दिल्या होत्या. ही अंडी त्या कोंबड्यांची. आणि अंडी इकडे आल्यावर सहाव्या दिवशी मावशीचा निरोप आला की तिच्याकडेही सगळ्या गेल्या. म्हणजे त्या वाणाचं जगात जे काही उरलं होतं ते या मासळीच्या खोक्यात होतं.

रिकामं अंगण बघवत नाही म्हणून ती क्रशरवर जायला लागली. माझा मुलगा मळणीयंत्रावर लांब गेलेला, तो सुगी संपल्यावर येणार. क्रशरच्या मुकादमाने तिला सांगून ठेवलं होतं, “पुढच्या सोमवारपर्यंत सांग. कायमची येणार असशील तर नाव लावतो, नाहीतर दुसरी बाई बघतो.” परवाचा सोडून पुढचा सोमवार म्हणजे एकविसावा दिवस. एकविसाव्या दिवशी कोंबडीचं पिल्लू बाहेर येतं.

पुन्हा हॉर्न.

“मामंजी, संध्याकाळपर्यंत धरा,” ती म्हणाली आणि पळत गेली.

धरा म्हणजे काय धरायचं, ते मला समजलं. कसं, ते समजलं नाही.

*

आक्काने पाणी तापवायला ठेवलं. मी बाटल्या भरून, फडक्यात गुंडाळून अंड्यांभोवती लावल्या. ताप नव्याण्णवपर्यंत चढला. अर्ध्या तासाने पाणी निवलं, की पुन्हा.

“दिवसभर हेच करायचं का?” आक्का म्हणाली. “माझे गुडघे काय सरकारी आहेत?”

मग मला ठोकळे आठवले. घरात जुन्या वस्तूंचे चार्जर आणि अडॅप्टर टाकायचा एक पत्र्याचा डबा आहे. काळे, चौकोनी, शेपटीवाले; आम्ही त्यांना ठोकळे म्हणतो. भिंतीतली वीज आत घेतात आणि शेपटीतून सौम्य करून सोडतात, एवढं मला ठाऊक होतं. मी भिंग घेऊन बसलो. ठोकळ्यांवरची अक्षरं माशीच्या पायाने लिहिल्यासारखी असतात. मोबाइलचा ठोकळा: पाच व्होल्ट. त्याची शेपटी तुटून तारा बाहेरच आल्या होत्या, म्हणून तरी लावून पाहिला. बल्बची तार विडीच्या टोकासारखी लालसर झाली आणि तशीच राहिली.

“हा तर झोपेत आहे,” आक्का म्हणाली.

“याला बारा हवेत. बारा व्होल्टचा ठोकळा घरात एकच आहे, आक्का.”

“कुठे आहे?”

मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीखालच्या चॅनेलच्या डब्याकडे. आक्कानेही पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली, आणि चौथीत तिची पाटी माझ्या हातून फुटली होती तेव्हा ज्या नजरेने तिने पाहिलं होतं, त्याच नजरेने पाहिलं.

“पंडित,” ती म्हणाली, “साडेसातला माझी मालिका असते.”

“मला माहीत आहे.”

“त्यातली सून काल विहिरीपाशी गेलीय.”

“साडेसातच्या आत काढून देतो.”

“शब्द?”

“शब्द.”

ठोकळा मिळाला, पण त्याच्या शेपटीच्या टोकाला गोल नळी होती आणि बल्बला होत्या दोन उघड्या तारा. हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी वायरमनला बोलावलं. त्याला सगळे झटका म्हणतात. तो कामाचा वेगवान आहे म्हणून, असं त्याचं म्हणणं. लोक वेगळं कारण सांगतात.

*

झटका पाच वाजता आला. तोवर आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी बाटल्या बदलून बदलून ताप शंभर पॉइंट दोनपर्यंत नेला होता. आक्काच्या बोटांना चटके बसले होते आणि मला घाम फुटला होता, पण शंभर पॉइंट दोन! मी तो आकडा तिला तीनदा वाचून दाखवला.

“बाजूला व्हा काका,” झटका म्हणाला. “बारा व्होल्टचा बल्ब, बारा व्होल्टचा ठोकळा. हातचा मळ.”

त्याने एक तार नळीच्या आत खुपसली, दुसरी बाहेरून गुंडाळली आणि बटण दाबलं. बल्ब लागला! आक्काने टाळी वाजवली. टाळी विरायच्या आत बल्ब विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. लागला, विझला.

“डोळे मारतोय मेला,” आक्का म्हणाली.

“बल्ब खराब आहे,” झटका म्हणाला. “फेकून द्या. आता हा जमानाच गेला.” त्याने पिशवीतून एक पांढरा बल्ब काढला. तोही बारा व्होल्टचा, पण नव्या तऱ्हेचा, एलईडी. तारा उलट लागल्या तर तो लागत नव्हता, सुलट केल्यावर असा लखकन लागला की आम्ही तिघेही मागे सरकलो. पेटीतली अंडी दुधासारखी उजळली. भुशाची एकेक काडी दिसायला लागली.

“तीन वॅट खातो फक्त,” झटका म्हणाला. “आणि उजेड बघा. लग्नघर झालं की नाही?”

इतक्यात सून आली. खडीच्या धुळीने भुवया पांढऱ्या, डबा अजून हातात. दारातूनच तिला पेटीच्या फटींतून येणारा तो उजेड दिसला. तिने डबा तिथेच टाकला.

“लागला?”

“लागला!” आम्ही तिघे एकदम म्हणालो.

तिने झाकण उचलून नळी काढली. “शंभर पॉइंट दोन!” ती ओरडली. तिने नळी आक्काला दाखवली, झटक्याला दाखवली, आणि सुजलेल्या हाताने माझा हात धरून गदागदा हलवला. झटक्याला चहा झाला. तो दोन कप प्यायला, आणखी तीन घरांत आपण काय काय चमत्कार केले ते त्याने सांगितलं, आणि गेला.

मी पेटीपाशी बसून राहिलो. झाकणावर हात ठेवायची मला सवय लागली होती. बारा दिवस ते झाकण कोमट लागायचं. आता ते नुसतं थर्माकोल लागत होतं.

मला वाटलं, माझाच हात बधिर झाला असेल. म्हाताऱ्या माणसाच्या हाताचं काय सांगावं. वायरमन माणूस बघून गेला होता, नळी शंभर पॉइंट दोन सांगत होती, आणि मी कोण? वाचनालयात अडतीस वर्षं पुस्तकं बांधली. फाटलेलं पुस्तक यायचं, ते बांधता बांधता जेवढं दिसेल तेवढं वाचायचो. एकाचा शेवट, दुसऱ्याचं मधलं प्रकरण. माझं सगळं ज्ञान असं फाटक्या पानांचं. त्याच्या जोरावर तोंड उघडायचं म्हणजे पंचाईत.

आत सून हसत होती. खूप दिवसांनी. आक्का तिला सांगत होती, “बल्बने डोळा मारला ना, मी लाजलेच!”

नळी कधी झटकली होती, ते मी आठवायला लागलो. साडेचारला बाटल्यांच्या वेळी मी ती वाचली. तीनदा वाचली. मग झटका आला, बल्बने डोळे मारले, लखलखाट झाला. ती नळी पारा चढवते, पण उतरवत नाही. एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय तिथेच बसून राहतो. सगळे पाहत होते तो आकडा बाटल्यांचा होता. बल्बचा नव्हताच.

मी नळी झटकली आणि आत ठेवली. पाच मिनिटं मोजली. पारा शहाण्णवाच्या रेषेपाशी घुटमळत होता. मी बल्बला बोट लावलं. मग सगळा पंजा लावला. नदीतला गोटा हातात घ्यावा तसा गार.

सांगायला हवं होतं. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. पुन्हा उठलो. तिचं हसू ऐकलं आणि पुन्हा बसलो. याला मी किती वेळ लावला ते लिहायची लाज वाटते. तेवढ्यात मनात एक शब्द आला. माझ्याकडे शब्दांखेरीज दुसरं काही नसतंच.

“सूनबाई,” मी दारात उभा राहून म्हणालो. हसण्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, “सूनबाई, आपण अंड्यांचं काय करतोय?”

“म्हणजे?”

“कोंबडी अंड्यांवर बसून काय करते?”

“उबवते.”

“उजळवत नाही ना? उबवते. त्याला ऊब लागते. या बल्बला उजेड आहे, ऊब नाही. ताप शहाण्णव आहे. मघाचा पारा कोणी झटकलाच नव्हता. मी झटकला नव्हता.”

दोघी धावत आल्या. सुनेने बल्बला हात लावला आणि तो तसाच ठेवला, जणू अजून तापेल.

“झटक्याने झटकायला लावलं नाही,” आक्का म्हणाली. कोणी हसलं नाही.

*

पण सून रडायच्या आत आक्काने चुलीवर पाणी चढवलं. बाटल्या पुन्हा सुरू झाल्या. आणि मला आता गप्प बसवेना. एकदा तोंड उघडलं होतं, ते मिटायच्या आत जेवढं होईल तेवढं करून घ्यावं असं वाटत होतं.

“तो जुना बल्ब खराब नाहीये,” मी म्हणालो. “बॅटरीवर तो चालत होताच की. त्याच्या पितळी बुडावर एकवीस वॅट लिहिलंय. ठोकळ्याला तो झेपत नाही. म्हणून ठोकळा धापा टाकतो, लागतो, विझतो.”

“मग ठोकळ्याला किती झेपतं?” सुनेने विचारलं.

त्याचं एक सूत्र होतं. ते मी वाचलं होतं, पण उलटं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा तो फॉर्मा, म्हणजे सोळा पानांची जुडी, माझ्या हातून वरची बाजू खाली करून शिवला गेला होता, आणि चूक सापडली ती पान सरळ करून बघताना. म्हणून तर ते पान लक्षात राहिलं. वॅट, व्होल्ट, अँपिअर. पण गुणायचं की भागायचं? उलट्या पानावरचं मी सुलटं आठवत होतो की उलटंच?

“गुणाकार असावा,” मी म्हणालो. “पण खात्री नाही. चुकलं तर ठोकळा जळेल.”

“माझा ठोकळा,” आक्का चुलीपासून म्हणाली.

मी भिंग लावलं. आउटपुट: बारा व्होल्ट. दीड अँपिअर. आणि त्याच्या खाली, घासून जवळजवळ गेलेले दोन आकडे. सुनेने ठोकळा उजेडाकडे तिरका धरला.

“एक… आठ. अठरा वॅट, मामंजी.”

“बारा दीडे?”

“अठरा!”

“गुणाकार!” मी इतक्या मोठ्याने म्हणालो की माझा मीच दचकलो. “अठरापर्यंत झेपतं. एकवीस झेपत नाही. आपल्याला तार तापणारा, जुन्या तऱ्हेचा, अठराच्या आतला बल्ब हवा.”

“आता या वेळेला कुठून आणायचा?” सून म्हणाली, आणि बोलता बोलता ती अंगणाकडे बघायला लागली. पत्र्याखाली मुलाची जुनी स्कूटर उभी होती. दोन्ही टायर बसलेले, सीटवर पूर्वी कोंबड्या रात्रीला बसायच्या.

दिवस मावळायला थोडा अवकाश होता. आम्ही स्कूटरवर अक्षरशः तुटून पडलो. स्क्रू गंजलेले. माझा बांधणीचा टोचा, आक्काची विळी, सुनेचा डावा हात. वळताना लुकलुकतात ते बाजूचे दिवे निघाले: दहा वॅटचे दोन. मागचा लाल काचेआडचा निघाला: पाच वॅट. तिन्ही बारा व्होल्टचेच. होल्डरसकट, तारेसकट कापून घेतले.

“दहाचे दोन्ही लावू,” सून म्हणाली. “जास्त ऊब.”

“दहा आणि दहा वीस. अठराच्या वर.”

“दोनच तर जास्त आहेत.”

“नाही,” मी म्हणालो. आयुष्यात मी नाही हा शब्द फार थोड्यांना म्हटला आहे. “दहा आणि पाच. पंधरा.”

“पण मामंजी, आधी एकवीस होते. पंधरात भागेल?”

“एकवीसला आपण झाकणाला बोटभर फट ठेवत होतो, नाहीतर ताप एकशे चारला जायचा. आता झाकण घट्ट लावू. बाहेरून पुठ्ठे बांधू.” पुठ्ठ्यांना आमच्या घरात तोटा नाही. मी पलंगाखालून बांधणीचा गठ्ठा ओढला.

राहिली ती शेपटी. टोकाच्या नळीत तारा खुपसून हलक्या राहत होत्या. नऊ दिवस असं चालणार नव्हतं. नळी कापून आतल्या दोन तारा मोकळ्या करायला हव्या होत्या. एकदा कापली की तो ठोकळा टीव्हीच्या डब्याचा राहणार नव्हता. मी कात्री हातात घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं.

“शब्द दिला होतास,” आक्का म्हणाली.

“हो.”

“साडेसातला देतो म्हणाला होतास.”

“हो, आक्का.”

ती उठली. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर. भिंतीतून ठोकळा काढलेला आहे ना ते तिने दोनदा बघितलं. मग माझ्या हातातली बांधणीची कात्री घेतली.

“कापायचीच तर मी कापते. माझा ठोकळा आहे,” ती म्हणाली. “त्या विहिरीपाशीच्या सुनेचं काय होणार ते मला माहितीय. काही होत नाही. पाणी भरून घरी येते. आम्ही सगळ्या तेच करत आलो.”

कच्. नळी जमिनीवर पडून गडगडत पलंगाखाली गेली.

मी तारांची सालं काढली, जोड पिळले, प्रत्येकावर वेगळी काळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि सवयीने वरून बांधणीचा दोरा आवळून गाठ मारली. सुनेने बटणावर बोट ठेवलं. आक्का लांब जाऊन उभी राहिली.

“लावू?”

“लाव.”

दोन पिवळे दिवे लागले. लागलेलेच राहिले. आम्ही श्वास धरून विझायची वाट बघत होतो. ते विझले नाहीत. सुनेने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

“भाजलं!” ती म्हणाली. भाजल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. “मामंजी, भाजलं! आत्याबाई, हात लावून बघा, भाजतंय!”

“मी कशाला लावू? माझे सकाळपासून भाजलेत,” म्हणत आक्काने येऊन हात लावला आणि तीही ओरडली.

सत्याण्णव. झटकली. साडेअठ्ठ्याण्णव. झटकली. नव्याण्णव पॉइंट चार. तिघांनी पाळीपाळीने झटकली. कोणी दुसऱ्याच्या झटकण्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. आठाच्या सुमारास पारा शंभरावर आला, आणि मधल्या वेळात कोणी टीव्हीकडे पाहिलंही नाही. सुनेने भिंतीतल्या ठोकळ्याला तळवा लावला.

“यालाही थोडा ताप आलाय.”

“येऊ दे. पंधराचं ओझं वाहतोय.” मी त्याच्याजवळची चादर, कापडं बाजूला केली. त्याला वारा लागायला हवा.

*

अंडी दिवसभरात निवून गेली होती का, ते मात्र कोणाला माहीत नव्हतं. ऊब मिळत होती, पण जिवंताला मिळत होती की मेलेल्याला?

चौदाव्या दिवशी झटका आपला बल्ब परत न्यायला आला. सगळं ऐकून त्याने डोकं खाजवलं. “काका, तुम्ही पुस्तकात वाचून केलंत?”

“ठोकळ्यावर लिहिलं होतं,” मी म्हणालो.

“ठोकळ्यावरचं कोण वाचतं?” तो म्हणाला आणि निघाला. मी त्याला थांबवलं. त्याचा बल्ब मला हवा होता. ऊब नसलेला उजेड आता कामाचा होता: अंड्याला चिकटवून धरला तरी अंडं भाजणार नव्हतं.

“पंधरा आणि तुमचे तीन,” मी म्हणालो.

“अठरा,” तो म्हणाला. “काठोकाठ आहे हां. दहा मिनिटं चालवा, मग काढा.”

सून परत आली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, म्हणून आम्ही गोधडी डोक्यावर घेतली. मी, सून आणि आक्का, तिघे एका गोधडीखाली, मध्ये पेटी. आक्काचा कोपर माझ्या बरगडीत, सुनेच्या केसांतली खडीची धूळ माझ्या नाकात. बल्बला पुठ्ठ्याचं नळकांडं घातलं होतं, त्याच्या तोंडावर तिने पहिलं अंडं धरलं.

ते नुसतं पिवळं दिसलं. रिकामं. तिने ते बाजूला ठेवलं. दुसरंही रिकामं. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

“मामंजी…”

आत लाल शिरा होत्या, पानाच्या शिरांसारख्या, आणि खाली एक मोठा काळा गोळा. गोळा हलला.

“शिंकू नकोस, पंडित,” आक्का कुजबुजली.

“हलला ना? तुम्ही पाहिलात ना?”

“मी पाहिलं,” आक्का म्हणाली. “टुणकन हलला. बापरे! पुढचं धर, पुढचं!”

घाम निथळत होता. अठ्ठावीसांत नऊ गेली होती. एकोणीस हलत होती. विसावं कुठलं सुटलं तर नाही ना म्हणून आक्काने रिकामी अंडी पुन्हा एकदा धरायला लावली. गोधडी काढली तेव्हा तिघांचेही चेहरे आंघोळ केल्यासारखे झाले होते, आणि समोरच्या घरातली बाई दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. आम्हाला हसू आवरत नव्हतं.

पुढचे दिवस असेच पावणेसातच्या हॉर्नने सुरू व्हायचे. ती खडी उचलायला जायची, मी अंडी फिरवायचो, नळी झटकायचो. वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा बाटल्या धावल्या. अठराव्या दिवसानंतर झाकण उघडायचं नसतं, म्हणून मी एका तसबिरीची काच काढून झाकणात बसवली आणि कडेने खळ लावलेला कागद चिकटवला, पुस्तकाला लावतो तसा. आक्काने स्टूल आणून काचेपुढे मांडलं. मनगटाची सूज उतरली नाही. रविवारी तिने डाव्या हाताने भाकऱ्या थापल्या आणि मला म्हणाली, “उद्या मुकादमाला काय सांगू?”

मी काचेतून पाहिलं. एकोणीस अंडी, जशीच्या तशी. तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

*

सोमवारी सकाळी तिने फडकं बांधलं, डबा भरला.

“सूनबाई,” आक्का स्टुलावरून म्हणाली. “इकडे ये.”

“हॉर्न वाजेल आता, आत्याबाई.”

“वाजू दे. इकडे ये म्हणते ना!”

आम्ही तिघांनी काचेवर डोकी टेकवली. पिवळ्या उजेडात एका अंड्याला बारीक तडा गेला होता. तड्यातून एक टोक आत-बाहेर होत होतं. दुसऱ्या अंड्यालाही. आणि कुठून तरी, थर्माकोलच्या आतून, पुठ्ठ्याच्या आतून, चिवचिव ऐकू आली. किती बारीक! सून खाली बसली. डबा मांडीवर तसाच.

तडा गोल फिरत गेला. अंडं थांबलं, दम घेतला, मग एका झटक्यात त्याची टोपी उडाली आणि ओलं, काळपट, मान लटपटणारं काहीतरी भुशात पडलं. मानेवर तीच पिवळी ठिपक्यांची पट्टी होती. तिच्या कोंबड्यांची.

“आलं,” ती म्हणाली. एवढंच.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दोनदा.

ती हलली नाही. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती, ती तिने पदराने पुसली. दुसरं अंडं उलायला लागलं होतं. पुन्हा हॉर्न, या वेळी लांबलचक.

“मामंजी,” ती मागे न बघता म्हणाली, “त्यांना सांगाल का?”

मी दारात गेलो. टेम्पो कोपऱ्यावर धूर सोडत उभा होता, मागे बाया दाटीने उभ्या, पुढे मुकादम खिडकीतून हात बाहेर टाकून. मधे बरंच अंतर होतं. जवळ जाऊन हळू सांगावं असं मनात आलं. मग वाटलं, जाईपर्यंत इकडे तिसरं फुटायचं, आणि ते मला चुकवायचं नव्हतं.

“ती येणार नाही!” मी ओरडलो.

“काय?” मुकादमाने कानाला हात लावला. “आज नाही?”

“आज नाही! उद्या नाही! नाव लावू नका!” माझा आवाज आख्ख्या गल्लीभर गेला. समोरची बाई पुन्हा दारात आली. “आमच्याकडे पिल्लं निघतायत!”

टेम्पोतल्या बाया हसल्या, कोणीतरी टाळी वाजवली. टेम्पो हलला.

“एवढा आवाज होता होय रे तुझ्याकडे?” आक्का आतून म्हणाली. “ये लवकर. तिसरं डोकं काढतंय.”